सत्तावीस नंबरचं झाड

शहराच्या ऐन मध्यावर, चार रस्ते एकमेकांच्या अंगावर येतात तिथे, ती बाग होती. एका बाजूला बँक, दुसऱ्या बाजूला न्यायालय, तिसऱ्या बाजूला बसथांबा आणि चौथ्या बाजूला कायमचा खणून ठेवलेला एक रस्ता. दिवसभर हॉर्नचा नुसता कालवा. पण फाटकातून आत वीस पावलं टाकली की तो कालवा मागे पडायचा, आणि पहिल्यांदा आलेला माणूस हमखास म्हणायचा, "काय शांत आहे हो इथे!" ही शांतता झाडांमुळे आहे असं लोकांना वाटे. झाडं आपली नावाला. शांतता होती ती कात्रीमुळे.

कात्री म्हणजे तिथला माळी. साठीला टेकलेला, अंगाने काटकुळा, हातात घासून घासून निम्मी झालेली छाटणीची कात्री आणि तोंडात तिच्याहून धारदार जीभ. नाव ठेवणाऱ्याला फार डोकं चालवावं लागलं नसणार. एखादं जोडपं जरा सरकून बसलं की हा मागून जाऊन विचारायचा, "घरचे आत घेत नाहीत वाटतं?" डबा उघडून बसलेल्या कारकुनाला म्हणायचा, "इथे त्रेपन्न माणसं मेलीत. तुम्ही भाजी काय आणलीत?" एकदा एक म्हातारा बाकावर बसून हुंदके देत होता, तर कात्रीने त्याच्या खांद्याला बोट लावून समोरची पाटी दाखवली. पाटीवर लिहिलं होतं, शांतता राखा. म्हातारा उठून गेला तो पुन्हा आला नाही. कात्रीला त्याचं काडीचंही वाटलं नाही. बाक मोकळा झालाच आहे तर धुऊन टाकू, म्हणून त्याने पाण्याचा पाइप आणला.

त्रेपन्न माणसं तिथे खरंच मेली होती. बागेच्या जागी पूर्वी चार मजली कापडाचं दुकान होतं, समोरून अख्खं काचेचं. एका दुपारी ते खाली बसलं. नंतर मलबा उचलला, वर माती टाकली, कुंपण घातलं, आणि एकेका मेलेल्या माणसामागे एक अशी त्रेपन्न रोपं घरच्या लोकांच्या हातून लावून घेतली. सगळी एका जातीची, एका उंचीची, एका गाडीतून आलेली. प्रत्येकापुढे लोखंडी सळईवर पत्र्याची पाटी आणि पाटीवर नुसता नंबर. कुठला नंबर कुणाचा, त्याची यादी ऑफिसात. मलबा उचलला तोही वरवरचाच. मातीत हात घातला की काच लागायची. कात्रीचे दोन्ही तळवे त्या काचांनी उभे आडवे चिरलेले होते.

आता त्रेपन्न रोपांतली त्रेपन्न जगत नसतात, हे कुठल्याही माळ्याला विचारा. पहिल्याच वर्षी चार मेली. साहेबांना सांगावं तर ते म्हणणार, तुझ्याकडे लक्ष द्यायला दिली होती. घरच्यांना सांगावं तर ते छाती पिटणार, दुसऱ्यांदा मेला म्हणून. कात्रीने डोकं लढवलं. झाड हलवायला चार माणसं लागतात, पाटी हलवायला एक हात पुरतो. ज्यांची माणसं येईनाशी झाली होती, त्यांची जिवंत झाडं काही थोडीथोडकी नव्हती. मग येणाऱ्याचं झाड वाळलं की त्याची पाटी उपटायची आणि न येणाऱ्याच्या झाडापुढे नेऊन ठोकायची. न येणाऱ्याची पाटी खोलीतल्या कोपऱ्यात फेकायची. "झाड बघायला येईल त्याचं," असा त्याचा साधा कायदा होता. अकरा वर्षांत त्याने एकोणीस पाट्या हलवल्या आणि एकाही घराला कळलं नाही. याची त्याला शरम नव्हती. अभिमान होता, आणि कुणाला सांगता येत नाही याचं वाईट वाटायचं.

सत्तावीस नंबर टेपवाल्या बाईंचा. बाई कपडे शिवायच्या. गळ्यात कायम मोजायची टेप, ती काढायची शुद्धच नसायची. मुलगी एकोणीस वर्षांची, त्या दुकानात तळमजल्यावर बटणांच्या काउंटरवर उभी राहायची. तिचा देहसुद्धा हाती लागला नव्हता. बाई दर गुरुवारी दुपारी यायच्या, झाडाच्या बुंध्याला टेप गुंडाळायच्या आणि छोट्या वहीत माप लिहायच्या. ब्लाउजाचं माप घेताना बोलतात तसं झाडाशी बोलायच्या. "जरा सरळ उभी राहा. अंग चोरू नकोस." कात्री लांबून बघायचा आणि तोंड वाकडं करायचा. पहिली दोन वर्षं तो बाईंच्या वाऱ्याला उभा राहत नसे.

तिसऱ्या उन्हाळ्यात पाण्याच्या पंपावरच्या माणसाशी त्याचं वाजलं. वाजलं म्हणजे काय, ह्यानेच त्याच्या तोतरेपणाची चार लोकांत नक्कल केली. पंपवाल्याने सत्तावीस नंबरच्या रांगेचं पाणी बंद केलं. कात्री माफी मागायला गेला असता तर पाणी सुटलं असतं. तो गेला नाही. तीन आठवडे ती रांग उन्हात उभी होती आणि हा सावलीत बसून, बघू कोण आधी वाकतं, म्हणत होता. आधी वाकलं ते सत्तावीस नंबरचं झाड.

शनिवारी त्याने पाटी उपटली आणि एक झाड सोडून, गळक्या नळाच्या ओलीवर हिरव्या राहिलेल्या एकोणतीस नंबरच्या झाडापुढे ठोकली. एकोणतीसवाला नवरा बायकोसाठी झाड लावून गेला होता, तो वर्षभरात दुसरं लग्न करून मोकळा झाला होता. मग कात्रीने वाळलेलं खोड मुळासकट उपसलं. खड्ड्यातून मातीबरोबर एक स्टीलची चपटी डबी आली. लावणीच्या दिवशी खड्ड्यात काही टाकायचं नाही अशी सक्त ताकीद होती, पण लोक कुठे ऐकतात! डबीत कापडात गुंडाळलेला एक चष्मा होता, जाड भिंगांचा, एक भिंग तडकलेलं. चष्मा त्याने पालापाचोळ्याच्या ढिगावर भिरकावला. संध्याकाळी ढीग पेटवला, आणि राख नेहमीप्रमाणे फुलांच्या वाफ्यांत पसरली. डबी चांगली होती. झाकण घट्ट बसत होतं. त्याच्या खोलीत साखरेला मुंग्या लागायच्या, म्हणून त्याने डबी पुसली आणि तिच्यात साखर भरली. उपसलेल्या खड्ड्यावर फरशी टाकून कचरापेटी ठेवली.

गुरुवारी बाई आल्या. पाटीपुढे उभ्या राहिल्या, वर बघितलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की कात्रीच्या हातातली कात्री थांबली. गेल्या गुरुवारी पिवळं पडलेलं झाड आज हिरवंगार. बाई तशाच त्याच्याकडे चालत आल्या आणि त्यांनी त्याचे मातीने भरलेले दोन्ही हात धरले.

"भाऊ, तुम्ही वाचवलंत हो तिला."

उभ्या आयुष्यात या माणसाचे हात कुणी आपणहून धरले नव्हते. बायको होती तोवर घाबरायची, ती गेल्यावर सून ताट झाकून ठेवून आत निघून जायची, आणि मुलगा त्याच्याशी पाठ करून बोलायचा. हे सगळं त्याने स्वतःच्या जिभेने कमावलेलं होतं. तो बाईंना काहीतरी तिरकस बोलणार होता. त्याऐवजी त्याच्या तोंडातून निघालं, "चहा घेणार का, ताई?"

तेव्हापासून दर गुरुवारी चहा. कात्री आत खोलीत स्टोव्हवर करायचा, बाई बाहेर बाकावर बसायच्या. दोन चमचे साखर लागायची त्यांना. "गोड नसेल तर चहा कशाला म्हणायचं, औषध म्हणावं," असं म्हणायच्या. खोलीत त्या कधी आल्या नाहीत, कारण तिथे खतांचा वास मारायचा. माप घेऊन झालं की वही दाखवायच्या. "यंदा दोन बोटं भरली बघा. माझ्यावर गेली. मीसुद्धा विशीनंतरच भरले." कात्री हसायचा. हो, हसायचा. बाईंनी त्याला दोन शर्ट शिवून दिले, तेही नुसतं नजरेने माप घेऊन, आणि ते असे बसले की सुनेने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं. बाईंनी खात्याला पत्र लिहिलं, की अशा माळ्यामुळेच मेलेली माणसं जिवंत राहतात. खात्याने चौकटीतलं प्रशस्तिपत्र दिलं. ते त्याने खोलीत फळीवर उभं केलं, साखरेच्या डबीशेजारी.

बाकी जगाशी तो होता तसाच होता. फक्त गुरुवारी दुपारी तो कुणाचा तरी भाऊ असायचा. बुधवारी रात्री शर्ट धुऊन वाळत घालायचा, आणि पाऊस आला तर आभाळाला शिव्या द्यायचा.

अशी आठ वर्षं गेली. मग एक दिवस साहेब आले आणि फाटकावर नोटीस डकवून गेले. बागेखाली गाड्या लावायला तळघर होणार. झाडं उचलून शहराबाहेर नेणार, जगतील ती जगतील. महिन्याभरात यंत्रं येतील, घरच्यांनी काय दर्शन घ्यायचं ते घ्यावं.

त्या गुरुवारी बाईंनी फाटकावरची नोटीस मागे मागे सरकत वाचली. जवळचं त्यांना दिसत नसे. आरडाओरडा केला नाही. बाकावर बसल्या, चहाचा पेला दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "बरंच झालं. मला तसंही विचारायचंच होतं. भाऊ, तुमच्यापासून एक गोष्ट लपवली मी."

"माझ्यापासून?"

"लावताना खड्ड्यात काही टाकायचं नाही म्हणाला होतात ना? मी टाकलं. तिचा चष्मा. तिचं म्हणून तेवढंच मिळालं होतं. स्टीलच्या डबीत घालून मुळाशी ठेवला." त्यांनी एक घोट घेतला. "डॉक्टरांनी मला दोन-तीन महिने सांगितलेत. पोटात आहे, पसरलंय. मला नेतील तेव्हा तो चष्मा माझ्या हातात हवा. बाकी मला कुणाकडून काही नको. तेवढा काढून द्याल?"

खोलीचं दार उघडं होतं. फळीवर डबी होती. बाई बसल्या होत्या तिथून मान जरा वळवली असती तर दिसली असती. कात्री उठून दारात उभा राहिला, आडवा.

"रविवारी खणू," तो म्हणाला. "आज हत्यारं नाहीत."

खोलीत तीन फावडी भिंतीला टेकून होती.

त्याच वेळी त्याने सांगून टाकलं असतं तर? बाई रडल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या, कदाचित चहाचा पेला त्याच्या तोंडावर फेकला असता. पण एवढी मोठी जीभ असलेला हा माणूस, त्याच्या तोंडाला त्या दिवशी कुलूप लागलं. एक माणूस त्याला भाऊ म्हणत होतं आणि ते अजून दोन-तीन महिने म्हणणार होतं. त्याला ते दोन-तीन महिने हवे होते. बाईंचं मरण त्याने आपल्या सोयीने मोजलं, असं म्हणा हवं तर. मी तर तसंच म्हणेन.

शुक्रवारी तो बसथांब्यामागच्या पदपथावर चष्मे विकणाऱ्याकडे गेला.

"नंबर काय?" चष्मेवाल्याने विचारलं.

"कसला नंबर? जाड काचेचा दे. बायकी."

"तुमच्यासाठी?"

"माझ्या आजीसाठी! देतोस की जाऊ?"

चष्मेवाल्याने जाड भिंगांचा, वाचायचा चष्मा दिला. कात्रीने जन्मात चष्मा लावला नव्हता. आठ फुटांवरचा किडा त्याला दिसायचा. जाड काच ती जाड काच, एवढंच त्याला ठाऊक. खोलीत येऊन त्याने एका भिंगावर कात्रीच्या मुठीने टिचकी मारली, नीट तडा गेला. साखर कागदावर ओतली, डबी शर्टाच्या टोकाने पुसली, चष्मा कापडात गुंडाळून आत घातला, बाहेरून माती चोळली. रविवारी उजाडताच जाऊन पाटीमागच्या झाडाशी हातभर खाली पुरली आणि वर पाला टाकला. काम चोख झालं असं त्याला वाटलं.

नऊला बाई आल्या. चालताना दोनदा थांबल्या. हातात मखमलीची एक छोटी पिशवी होती, तिला मोत्याचं बटण. "तिच्या काउंटरवरचं आहे," त्या म्हणाल्या. "तिने मला आणून दिलं होतं. चष्मा यात ठेवीन." कात्रीने बाईंनी शिवलेला शर्ट घातला होता. रविवार म्हणून बाकांवर माणसं होती, त्यांना तो त्या दिवशी काही बोलला नाही.

त्याने खणायला सुरुवात केली. मुद्दाम जरा बाजूला खणलं, मग "इथे नसेल" म्हणत सरकला, कपाळ पुसलं. फावडं डबीला लागलं तेव्हा त्याने असा काही चेहरा केला की तमाशात शोभला असता. डबी बाहेर काढून त्याने बाईंच्या हातात ठेवली.

बाई खाली मातीतच बसल्या. डबी छातीशी धरली. त्यांचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मग त्यांनी झाकण उघडलं, कापड सोडलं, आणि चष्मा हातात घेऊन मायेने पदराने पुसला. "तिची नेहमी चेष्टा करायचे मी," त्या म्हणाल्या. "हा चष्मा लावला की सगळं जग मुंगीएवढं दिसायचं मला. म्हणायचे, बाई गं, एवढ्याशा जगात तू राहतेस तरी कशी?" आणि हसत हसत त्यांनी चष्मा डोळ्यांना लावला.

हसू तसंच राहिलं. त्यांनी मान वळवून फाटकाकडे बघितलं. मग आपल्या हाताकडे बघितलं, तळव्याच्या रेषांकडे. गळ्यातली टेप उचलून तिच्यावरचे बारीक आकडे बघितले.

"मोठं दिसतंय," त्या म्हणाल्या. "टेपवरचे आकडे वाचता येताहेत मला."

 कात्रीला अजून कळलंच नव्हतं की यात चुकलं काय.

"भाऊ, हा वाचायचा चष्मा आहे. तिला लांबचं दिसत नव्हतं."

तेवढ्यात त्यांचं बोटांकडे लक्ष गेलं. डबीच्या कडेने मुंग्यांची रांग लागली होती. झाकणाच्या आत, वळलेल्या कडेत, पिवळट चिकट काहीतरी थराने बसलं होतं. आठ वर्षं रोज डबी उघडली, पण ती कड कात्रीने कधी धुतली नव्हती. बाईंनी करंगळीचं नख त्यात फिरवलं, जिभेला लावलं.

बाकांवरची माणसं आता बघत होती. बागेत खरोखर शांतता होती.

"साखर," बाई म्हणाल्या. त्यांनी खोलीच्या उघड्या दाराकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "दोन चमचे. दर गुरुवारी."

"ताई, मला माहीत नव्हतं. आईशपथ, कुणाची डबी ते..."

"माझं झाड कुठंय?"

त्याने कचरापेटीकडे बोट दाखवलं. तिथेच बाई चहा झाल्यावर पेला हलवून तळाचा गाळ टाकायच्या. त्यांना ते आठवलं असावं, कारण त्यांनी डोळे मिटले. मग हळूहळू, झाडाला धरून, उठल्या. ज्या झाडाला धरलं ते कुणाचं, हे आता त्यांना ठाऊक नव्हतं. लगेच हात काढून घेतला.

"चष्म्याचं काय केलंत?"

"जाळला. राख वाफ्यांत टाकली."

"काच जळत नाही," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. गिऱ्हाइकाला माप सांगावं तसं त्या बोलत होत्या. "तिचं भिंग आणून द्या. तुकडा असला तरी चालेल. मी ओळखेन. माझं घर त्या न्यायालयाच्या मागे, दुसरा जिना, वरची खोली. रोज आणा."

डबी त्यांनी नेली. पदपथावरचा चष्मा मातीत टाकून गेल्या.

सोमवारपासून कात्री वाफे चाळू लागला. वाळूची चाळण घेऊन गुडघ्यांवर बसायचा, एकेक ओंजळ टाकायचा. आणि तेव्हा त्याला कळलं की आपण काय कबूल केलंय. अकरा वर्षं ज्या मातीत हात कापत होता, ती माती काचेचीच होती. चार मजल्यांच्या खिडक्या, आरसे, काउंटर, दिवे. प्रत्येक ओंजळीत दहा तुकडे निघायचे. हिरवट, पांढरे, सपाट, टोकदार. हा त्यातला गोलसर दिसेल तो निवडायचा, धुवायचा आणि दुपारी न्यायालयामागच्या दुसऱ्या जिन्याने वर जायचा.

बाई दार उघडायच्या. तुकडा डोळ्यापुढे धरायच्या आणि त्यातून त्याच्याकडे बघायच्या.

"ही नाही. दिव्याची आहे. उद्या आणा."

तुकडा परत त्याच्या तळहातावर ठेवायच्या आणि दार लावायच्या. आत बोलावलं नाही, भाऊ म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी, "ही नाही. आरशाची आहे." तिसऱ्या दिवशी, "ही तर बाटलीची आहे, ही कालपरवा कुणीतरी टाकलेली. डोळे उघडे ठेवून शोधा." बाग बघायला येणारे लोक चाळणीशी वाकलेल्या कात्रीला बघून हसायचे. ज्यांना त्याने कधी उठवलं होतं, ते कारकून आता त्याच्यासमोर बसून खुशाल डबा खायचे. "काय मामा, हिरे निघतात का?" असं विचारायचे. तो चाळणीत पुढची ओंजळ टाकायचा. जिभेची धार कुठे गेली कोण जाणे. तळव्यांतून रक्त यायचं, ते तो मातीलाच पुसायचा.

तेविसाव्या दिवशी नळाजवळच्या वाफ्यात त्याला एक तुकडा सापडला. नखाएवढा, एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला पातळ, धुरकटलेला. त्याने थुंकी लावून पुसला आणि डोळ्यापुढे धरला. समोरच्या थांब्यावर बस उभी होती. ती एकदम खेळण्यातल्या बसएवढी झाली. तिच्यात चढणारी माणसं मुंगीएवढी झाली.

तो तसाच पळाला. पायात चप्पल नव्हती, हे जिन्यावर लक्षात आलं.

बाईंनी दार उघडलं. त्या आता चौकटीला धरून उभ्या होत्या, अंगावर नुसतं कातडं उरलं होतं. त्यांनी तुकडा घेतला, डोळ्यापुढे धरला. काचेमागे त्यांचा डोळा बारीक, मण्याएवढा दिसत होता. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, त्याच्या डोक्यावरून जिन्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, पुन्हा त्याच्याकडे. एवढा वेळ त्या कधी बघत नसत.

"ही नाही," त्या म्हणाल्या.

"ताई, नीट बघा ना! सगळं लहान दिसतंय. मी बसकडे बघितलं, एवढीशी..."

"ही नाही म्हटलं ना. उद्या आणा."

दार लागलं. तो जिना उतरू लागला. चार पायऱ्या उतरल्यावर त्याने आपल्या हाताकडे बघितलं. हात मोकळा होता. बाईंनी तुकडा परत दिला नव्हता.

तो वर धावला, दार वाजवलं. "ताई! ताई, हीच ना? एकदा सांगा. एवढंच सांगा, हीच ना?" आतून शिलाई यंत्र चालल्याचा आवाज आला. थोडा वेळ चालला आणि थांबला. दार उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला, कारण न जाऊन सांगणार कुणाला. खिशात कुठल्याशा खिडकीचा तुकडा होता. बाईंनी तो डोळ्यापुढे धरला, परत केला. "ही नाही. उद्या आणा." बागेत यंत्रं आली, अर्धे वाफे उकरले गेले, तो उरलेल्या अर्ध्यांत चाळत राहिला. रोज एक तुकडा. रोज तेच उत्तर. त्याला ठाऊक होतं आणि बाईंनाही ठाऊक होतं. त्याला फक्त एकदा ऐकायचं होतं, सापडली. बाईंच्या तोंडून. भाऊ म्हटलं नाही तरी चालेल, इथवर तो आला होता.

असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी दार दुसऱ्याच बाईने उघडलं. शेजारीण होती, डोळे लाल.

"त्या गेल्या. सकाळीच नेलं त्यांना."

कात्री चौकटीशी उभा राहिला. मग त्याने विचारलं, "हातात काही होतं का?"

"होतं की. मखमलीची पिशवी, तोंड शिवून टाकलेलं. एवढी घट्ट मूठ, उघडता उघडेना. मग आम्ही तशीच राहू दिली." शेजारणीने त्याला आपादमस्तक बघितलं, त्याचे चिरलेले हात बघितले. "तुम्ही ते काचवाले का? तुमच्यासाठी निरोप आहे. दोनदा बजावून सांगितलं होतं त्यांनी. म्हणाल्या, ते येतील, त्यांना सांगा, अजून सापडलेली नाही."

कात्रीने मान हलवली. खिशातला त्या दिवसाचा तुकडा काढून तिला द्यावा की नाही, त्याला कळेना. तिने दार लावलं. तो जिना उतरून बागेकडे गेला. तिथे आता मोठा खड्डा होता आणि फाटकावरच्या माणसाने त्याला सांगितलं, आत यायला बंदी आहे.